कोकणातलं कौलारू छप्पर: लाकूड घेण्याआधी गाळा ठरवा

कोकणात घर बांधणारे बरेच जण छपराचं काम उलट्या टोकानं सुरू करतात. आधी वखारीत जाऊन वासे बघतात, भाव ठरवतात, ॲडव्हान्स देऊन मोकळे होतात. मग सुतार येतो, ‘दोन बाय तीन भरपूर झालं’ म्हणतो आणि आणलेल्या मालात जे बसेल ते छप्पर वर चढतं. पहिल्या वर्षी काही कळत नाही. पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत पाख्याला मधोमध पोट येतं, कौलांच्या खाचा एकमेकींतून सुटतात, गळायला लागतं. मग शिव्या कौलांना.

हा लेख साध्या घरासाठी आहे: चिऱ्याच्या किंवा विटांच्या भिंती, दोन पाखी, वर मंगलोरी कौलं. आयएस (भारतीय मानक) ८८३ मध्ये लाकडी सांगाड्याचं डिझाइन आहे, आयएस ३६२९ मध्ये लाकडाची प्रतवारी, आयएस २८७ मध्ये ओलावा, आयएस ४०१ मध्ये औषधप्रक्रिया आणि आयएस ८७५ मध्ये छपरावर येणारी वजनं व वारा. राष्ट्रीय इमारत संहितेच्या सहाव्या भागातही लाकडाचा विभाग आहे. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) संकेतस्थळावर नोंदणी केली की मानकं फुकट उतरवून घेता येतात. चौपाखी, मधे चौक, वीस फुटांवरचे गाळे किंवा माडीवर माडी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरशिवाय पुढे जाऊ नका.

वेळापत्रक मिरगापासून मागे मोजा. कौलं मेच्या मध्यापर्यंत चढलेली हवीत, सांगाडा एप्रिलअखेर उभा हवा आणि लाकूड त्याआधीचा पावसाळा सरल्या सरल्या कापून, रचून सुकायला लागलेलं हवं. मार्चमध्ये लाकूड शोधायला निघालात, तर ओलं लाकूड चढवणार हे ठरलेलंच.

टप्पा १: गाळा आणि उतार कागदावर

खोल्यांच्या नकाशावर आधी आढं कुठून जातं ते काढा. मग आढं ते भिंत या अंतरात वाशाला मधे आधार आहे का ते बघा. गाळा म्हणजे दोन आधारांमधलं मोकळं अंतर, वाशाची एकूण लांबी नव्हे. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो: सोळा फुटी वाशाला मधे पर्लिनचा (वाशांखालून आडव्या जाणाऱ्या तुळईचा) आधार असेल तर तो साधारण आठ-आठ फुटांचे दोन गाळे झाला, आणि माप आठ फुटांना धरून निघतं. पण तो पर्लिन स्वतः कशावर टेकला आहे? खालच्या विटांच्या चार इंची पार्टिशनवर टेकवला असेल, तर तो आधार धरायचा नाही.

मंगलोरी कौलांना उतार ३० अंशांच्या आसपास ठेवा. सुताराला अंश सांगू नका. दहा फूट आडव्याला पावणेसहा फूट उभं, असं सांगा. खर्च वाचवायला उतार कमी केला की पावसाळी वाऱ्यात पाणी कौलाखाली उलटं चढतं.

*तपासा:* प्रत्येक खांब, तुळई, पर्लिन यांच्याखाली बोट ठेवून वजन जमिनीपर्यंत कुठल्या वाटेनं उतरतं ते सांगता आलं पाहिजे. जिथे बोट हवेत थांबतं तिथे नकाशा चुकला.

टप्पा २: वजन किती, वारा किती

मंगलोरी कौलं आणि रिपा (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्या) मिळून आयएस ८७५ च्या पहिल्या भागाप्रमाणे चौरस मीटरला साधारण ६५ किलो धरतात. वाशाचं स्वतःचं वजन त्यात मिळवा, म्हणजे ७५ च्या घरात. हे उतारावरच्या क्षेत्रफळाला. नकाशावरच्या आडव्या क्षेत्रफळाला लावलंत तर ३० अंशांत साधारण १३ टक्के वजन हिशोबातून गळतं. त्याशिवाय कौलं बदलायला वर चढणारी माणसं: दुसऱ्या भागाप्रमाणे या उताराला किमान ४० किलो, इथे मात्र आडव्या क्षेत्रफळावर.

वाऱ्याचं गणित उलटं चालतं. वारा छपराला खाली दाबतो त्याहून जास्त वर ओढतो. तिसऱ्या भागात मुंबईला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आणि गोव्याला ३९ मीटर दिला आहे. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दाब न्यूटनमध्ये येतो. ३९ चा वर्ग १,५२१, त्याचे साधारण ९१३ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ९३ किलो. ४४ ला हाच आकडा ११८ वर जातो. मग जागा, उंची, छपराचा आकार यांचे गुणक लागतात. काही तो कमी करतात, पण वळचणीला आणि पाख्याच्या कडांना वरून ओढ आणि खालून रेटा एकत्र आला की चांगलाच वाढवतात. समोर ७५ किलोचं छप्पर ठेवून बघा. त्यातही उचल मोजताना वजन जास्त धरायचं नसतं, कोरड्या कौलाचं कमीत कमी वजन धरायचं असतं.

म्हणून ‘एवढं जड छप्पर कुठे उडतंय’ हे ऐकून घेऊ नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यात काय झालं, ते तिथल्या कुणालाही विचारा.

टप्पा ३: वाशाचं माप काढा

एक हिशोब पूर्ण करून दाखवतो, कारण अंदाज नेमका इथे फसतो.

गाळा आडवा ८ फूट (२.४ मीटर), वासे दोन-दोन फुटांवर (६०० मिमी), उतार ३० अंश, लाकूड साग. आयएस ८८३ लाकडांचे ताकदीप्रमाणे अ, ब, क असे तीन गट करतं; साग ब गटात येतो. या गटाला पहिल्या प्रतीच्या लाकडासाठी वाकण्याचा परवानगीचा ताण घरातल्या जागी १२ न्यूटन प्रति चौरस मिमी. कौलांखाली दमट हवा असते, वळचण तर उघड्यावरच असते, म्हणून बाहेरच्या जागेचा ५/६ गुणक लावून १० धरू. ऐन, किंजळ, फणस वापरणार असाल तर त्यांचे आकडे तक्त्यात बघा, सागाचे लावू नका.

टप्पा २ मधले उतारावरचे ७५ किलो आडव्यावर ८७ होतात; त्यात माणसांचे ४० मिळवून ०.६ मीटरनं गुणलं की एका वाशावर आडव्या मीटरला ७६ किलो येतात. वाकण्याचा मोमेंट (वजनानं वाशाला वाकवणारा जोर) सुमारे ०.५४ किलोन्यूटन-मीटर. त्याला लागणारा सेक्शन मॉड्युलस (वाकायला विरोध करण्याची त्या मापाची कुवत) ५३,६०० घन मिमी.

– ५० × ७५ (दोन बाय तीन): मिळतात ४६,९००. नापास.
– ५० × १०० (दोन बाय चार): मिळतात ८३,३००. ताकदीत पास.

बहुतेक जण इथे थांबतात. पण आयएस ८८३ म्हणतं की कौलांसारखा ठिसूळ माल अंगावर घेणाऱ्या वाशाचा बाक गाळ्याच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त नको. उतारावर मोजलेला गाळा २,७७० मिमी, म्हणजे मर्यादा ७.७ मिमी. ५० × १०० चा बाक येतो साधारण साडेदहा मिमी. वासा मोडणार नाही, पण पोट धरणार. ५० × १२५ घेतला तर बाक साडेपाच मिमीच्या आत राहतो. वासा उभा ठेवून खोली (उभं माप) एक इंच वाढवली आणि बाक निम्म्यावर आला. रुंदी वाढवून तेवढ्याच लाकडात हे साधत नाही.

हे झालं पूर्ण मापाचं. वखारीतला ‘दोन बाय चार’ रंधून हातात येतो तेव्हा अनेकदा पावणेदोन बाय पावणेचार असतो. त्याचा बाक १४ मिमीच्या जवळ जातो. नकाशावर माप लिहाल ते रंधा मारल्यानंतरचं लिहा आणि तसं स्पष्ट लिहा.

आणखी दोन नियम. कुठल्याही वाशा-तुळईची रुंदी ५० मिमी किंवा गाळ्याच्या ५० व्या भागापेक्षा कमी नको, यातलं जे जास्त ते. आणि खोली रुंदीच्या तिपटीपेक्षा जास्त असेल तर बाजूनं आधार द्यावा लागतो, नाहीतर वासा आडवा कलंडतो.

*तपासा:* ताकद, बाक आणि वाऱ्याची उचल, तिन्हींचे आकडे कागदावर आहेत का? एक जरी नसेल तर वखारीत जाऊ नका.

टप्पा ४: वखारीत

आता यादी घेऊन जा: माप, नग, लांबी. घनफुटाच्या एकूण आकड्यावर सौदा करू नका. त्यात आखूड आणि वाकडे तुकडे तुमच्या गळ्यात पडतात.

प्रत्येक नग उजेडात फिरवून बघा. सालीलगतचा पांढरा भाग कडेला किती आहे ते पाहा. वाळवी आणि भुंगा तिथून सुरुवात करतात. गाठ असेल तर ती कुठे आहे हे महत्त्वाचं. वाशाच्या मधल्या भागात खालच्या कडेवर मोठी गाठ म्हणजे तो नग परत. तीच गाठ टोकाजवळ, खोलीच्या मधोमध असेल तर चालून जातं.

रेषा तिरकी किती जाते हे फारसं कुणी बघत नाही. वाशाच्या अंगावर सुकताना पडलेली बारीक चीर शोधा. ती रेषेला धरून जाते. चीर नसेल तर टोकदार खिळा हलक्या हातानं रेषेनं ओढा. १५ इंचांत एक इंचापर्यंत सरकली तर पूर्ण ताकद धरा. दहा इंचांत एक इंच सरकत असेल तर आयएस ८८३ प्रमाणे ताकद ०.८ पटच धरायची. दुसऱ्या प्रतीच्या लाकडाला ०.८४ चा गुणक. दोष असलेला माल स्वस्तात घेणं चूक नाही, पण मग टप्पा ३ चा हिशोब पुन्हा करायचा, जुनं माप तसंच ठेवायचं नाही.

*सावधान:* स्वतःच्या आवारातलं झाड तोडणार असाल तरी साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ ही महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत. तोडण्याची परवानगी आणि वाहतुकीचा पास आधी हातात घ्या. विकतच्या मालाचं बिल आणि पासही जपून ठेवा.

टप्पा ५: सुकवणं

आयएस २८७ हवेच्या दमटपणाप्रमाणे देशाचे चार विभाग करतं. कोकण सगळ्यात दमट विभागात, आणि तिथे तुळया-वाशांना ओलावा २० टक्क्यांपर्यंत चालतो. नुकतं कापलेलं लाकूड याच्या कितीतरी वर असतं.

रचण्याची पद्धत: जमिनीपासून दीड फूट वर, दोन थरांमध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या, त्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका ओळीत. ओळ चुकली की वासा सुकता सुकताच वाकतो. वर पत्रा, बाजू मोकळ्या. प्लॅस्टिकनं गुंडाळून ठेवू नका, आत बुरशी धरते. टोकांना मेण किंवा जाड ऑइलपेंट फासा; टोकं आधी सुकली की तिथून फाटतात.

सुकलं कधी म्हणायचं? मीटर असेल तर त्याच्या पिना मधल्या भागात ठोका, टोकाला नाही. नसेल तर टोकापासून फूटभर आतला छोटा तुकडा कापा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा. समजा ३१० ग्रॅमचा तुकडा २५० वर थांबला. ६० भागिले २५०, म्हणजे २४ टक्के. अजून थांबा. ६० ला ३१० नं भागू नका. कोरड्या वजनानं भागायचं. आकडा मुद्दाम कमी दाखवायचा असेल तर ही चूक हमखास केली जाते.

टप्पा ६: औषध, पण कापण्यानंतर

गाभा (खोडाचा आतला गडद भाग) औषध फारसं पीत नाही. पांढरा भाग पितो आणि त्यालाच त्याची गरज असते. दाबाखाली तांबं-क्रोम-बोरॉनची प्रक्रिया करून देणारा कारखाना जवळ असेल तर उत्तम. बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण घरच्या हौदातही देता येतं, पण बोरॉन पावसात धुऊन जातं, म्हणून ते कौलांखालच्या लाकडालाच. ब्रशनं फासलेलं काळं तेल म्हणजे प्रक्रिया नव्हे, वरवरची टापटीप.

क्रम महत्त्वाचा: आधी मापात कापा, खाचा आणि भोकं पाडा, मग औषध द्या. नंतर कापावं लागलंच तर प्रत्येक उघड्या टोकाला तेच द्रावण दोनतीन हात द्या. औषधाचा भुसा चुलीत टाकू नका.

टप्पा ७: भिंतीचा माथा

वासे थेट चिऱ्यावर ठेवू नका. आयएस ८८३ प्रमाणे छपराचं लाकूड भिंतीवरच्या वॉलप्लेटवर (माथ्यावर आडव्या ठेवलेल्या लाकडी पट्टीवर) बसवून तिला जोडायचं, आणि ती किमान ७५ × ४० मिमीची हवी. प्लेटखाली डांबरी फेल्टचा थर, म्हणजे चिऱ्यातली ओल वर चढत नाही.

भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटची पट्टी फिरवा आणि त्यात ओतकामाच्या वेळीच बोल्ट सोडा. १२ मिमीचे, चार-पाच फुटांवर, कोपऱ्यांजवळ जास्त. बोल्टचं खालचं टोक वाकवून पट्टीतल्या सळईखाली अडकवा. नंतर चिऱ्याच्या सांध्यात भोक पाडून सिमेंटनं चिकटवलेला बोल्ट पहिल्या जोरदार ओढीला उपटून येतो.

तुळईचं टोक भिंतीत घुसवत असाल तर किमान ७५ मिमी टेकण द्या आणि भोवती हवा खेळायला जागा सोडा. गवंडी सवयीनं ती फट मालानं गच्च भरतो. त्याला आधीच सांगा, आणि भरून झाल्यावर स्वतः बघा.

टप्पा ८: सांगाडा

आधी मूळ प्रश्न: वाशांचा रेटा कोण धरतं? दोन वासे वर आढ्याला भिडले की खाली पाय फाकतात आणि भिंती बाहेर ढकलतात. हा रेटा थांबवायचे दोन मार्ग आहेत. एक तर वाशांच्या पायथ्याला आडवी तुळई, दोन्ही बाजूंना पक्की जोडलेली. नाहीतर आढं स्वतःच वजन पेलणारी तुळई करायची आणि ती खांबांवर किंवा त्रिकोणी भिंतींवर टेकवायची. मग वासे तिला टांगल्यासारखे राहतात.

हल्ली आतून छप्पर उघडं दिसावं म्हणून खालच्या तुळया काढून वरच्या बाजूला, आढ्याच्या दोन-अडीच फूट खाली, छोटे आडवे तुकडे मारतात. ते आढ्याजवळचा सांधा धरतात, पायाचा रेटा नाही. उघडं छप्पर हवं असेल तर दुसरा मार्ग घ्या, आणि आढ्याच्या तुळईचा हिशोब इंजिनियरकडून करून घ्या. तिच्यावर जवळजवळ अर्धं छप्पर येतं.

उभारणीचा क्रम:

१. वॉलप्लेट बसवा, पाणसळ लावा, बोल्ट हलके आवळा.
२. दोन्ही टोकांच्या वाशांच्या जोड्या उभ्या करा, तात्पुरते तिरके टेकू द्या, आढ्याच्या रेषेत दोरी ताणा.
३. मधले वासे दोरीला धरून. वाशाचा नैसर्गिक बाक असेल तर पोट वरच्या बाजूला.
४. वाशाला वॉलप्लेटवर बसायला खालून खाच पाडताना खोलीच्या पाव भागापेक्षा खोल जाऊ नका. पुढची वळचण त्या उरलेल्या लाकडावरच लोंबते.
५. पाख्याच्या पातळीत कोपऱ्यांपासून तिरक्या पट्ट्या मारा. या नसल्या की सगळे वासे पत्त्यांसारखे एका दिशेला कलतात.
६. मग बोल्ट पूर्ण आवळा.

वासा वॉलप्लेटला नुसत्या तिरक्या खिळ्यांनी जोडला तर वाऱ्याची ओढ खिळा उपसते. वाशावरून फिरवून दोन्ही बाजूंनी प्लेटला खिळवलेली गॅल्व्हनाइज्ड पट्टी प्रत्येक वाशाला द्या, आणि वळचणीच्या भागात एकही वासा सोडू नका. साग किंवा ऐनात खिळा मारण्याआधी खिळ्यापेक्षा किंचित बारीक भोक पाडा. नाहीतर टोक फाटतं आणि सुतार ते पुट्टीनं झाकतो. खाऱ्या हवेत साधा काळा खिळा टिकत नाही.

*तपासा:* वाशाच्या मधल्या भागात खालून कुणी खाच पाडली आहे का? इलेक्ट्रिशियन पाइपसाठी हमखास पाडतो. पाइप वाशाच्या बाजूनं न्यायला लावा.

टप्पा ९: रिपा आणि कौलं

रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नका. आलेल्या कौलांपैकी दहाबारा एकाखाली एक जमिनीवर लावा, एकदा ताणून मोजा, एकदा दाबून मोजा, सरासरी घ्या. प्रत्येक भट्टीचा माल थोडा वेगळा असतो. दोन भट्ट्यांचा माल एकाच पाख्यावर मिसळू नका.

वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीएवढी उंच ठेवा, नाहीतर शेवटची ओळ खाली झुकते. रिपेचा सांधा वाशावरच यायला हवा, आणि लागोपाठच्या रिपांचे सांधे एकाच वाशावर नकोत.

कौलं दोन्ही पाख्यांवर बरोबरीनं चढवा. एक पाखं पूर्ण करून मग दुसरं घेतलं तर सांगाडा एका बाजूला झुकतो. वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही कडांच्या ओळी आणि आढ्याच्या जवळची ओळ रिपेला तारेनं बांधा. मंगलोरी कौलाच्या पाठीला त्यासाठी बहुधा भोक असतं. आढ्यावरच्या कोन्यांना चुन्याचा किंवा हलक्या सिमेंटचा माल पुरे, त्यांच्याखाली ढीग लिंपू नका. ते सगळं वजन आढ्यावर बसतं आणि तडकलं की पाणी आत घेतं.

पहिल्या मोठ्या पावसात टॉर्च घेऊन माळ्यावर जा, ओल दिसेल तिथल्या वाशावर खडूनं खूण करा, पाऊस थांबल्यावर त्या ठिकाणाच्या वरच्या बाजूची कौलं उघडा. पाणी वरून खाली वाशाच्या अंगानं वाहत येऊन भलतीकडे टपकतं. पुढच्या उन्हाळ्यात वॉलप्लेटचे आणि सांध्यांचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. लाकूड आकसलेलं असतं, नट हातानं फिरतो.